चाप, खटका आणि अर्धा मिलिमीटर

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी महिनाभर माझ्या शेजाऱ्याच्या गॅरेजातला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यानं मला हाक मारली. टेबलावर नवी कोरी बोल्ट-ॲक्शन रायफल होती, खोक्यातून काढून आठवडाही झाला नव्हता. मी शिकारी नाही. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये उमेदवारी केली आणि आजही साचे घासूनच पोट भरतो. म्हणूनच त्यानं मला बोलावलं होतं. "रिकामी आहे, पण तू स्वतः खात्री कर, आणि मग चाप ओढून बघ," तो म्हणाला.

नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे घेतला, मॅगझिन काढलं, काडतुसाच्या घरात डोकावून करंगळीही फिरवली. मग नळी भिंतीकडे धरून चाप ओढला. आधी काहीच झालं नाही. जोर वाढवला तसा चाप जरासा सरकला, अडला, पुन्हा सरकला, पुन्हा अडला आणि एकदम सुटला. सुटला तसा माझा हातही हलला. पावसाळ्यात फुगलेला कपाटाचा खण ओढताना असंच होतं. येत नाही, येत नाही, आणि येतो तेव्हा तुमच्यासकट येतो.

"फार जड आहे ना?" त्यानं विचारलं. जड होताच. पण खरं दुखणं वजनाचं नव्हतं. तो कधी सुटणार याचा बोटाला पत्ताच लागत नव्हता. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. बहुतेक लोक पहिलीवर उपाय करायला जातात आणि दुसरी तशीच राहते, किंवा आणखी बिघडते.

आत काय चालतं?

बोल्टच्या पोटात फायरिंग पिन असते आणि तिच्याभोवती ताठ स्प्रिंग. बोल्ट मिटला की ही स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत अडकून राहते. तिचा जोर साधारण वीस-पंचवीस पौंडांचा, म्हणजे नऊ ते अकरा किलोंचा. पिनेच्या मागच्या टोकाला एक खांदा असतो. त्या खांद्याला अडवून धरणारा खटका म्हणजे सिअर. सिअर स्वतःच्या बळावर उभा नसतो. त्याच्याखाली चापाच्या वरच्या टोकाची धार टेकू देऊन उभी असते. बोटानं चाप ओढला की ती धार सिअरखालून सरकते, टेकू निघतो, सिअर खाली बसतो आणि पिन सुटून काडतुसाच्या बुडावर आदळते. सिअर सुटल्यापासून पिन आदळेपर्यंत साधारण तीन मिलिसेकंद जातात.

उंदराचा पिंजरा ज्यांनी लावला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. ताणलेल्या झडपेची तार एका आकड्यात अडकवायची आणि आकड्याला भाकरीचा तुकडा. आकडा जास्त अडकवला तर उंदीर भाकरी खाऊन निवांत निघून जातो. नावापुरता अडकवला तर पिंजरा जमिनीवर ठेवतानाच झडप पडते. बंदुकीच्या चापाची सगळी विद्या या दोन चुकांच्या मधे बसते. चांगल्या शिकारी रायफलीत चापाची धार आणि सिअर एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिमीटर धरून असतात. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या पायरीवर दहा किलोंची स्प्रिंग थांबलेली असते.

आता बोटाला जे जाणवतं त्याची फोड करता येते. चापाला परत जागेवर आणणारी एक छोटी स्प्रिंग असते, तिचा जोर. त्यात भर पडते ती दोन पोलादी पृष्ठभागांच्या घर्षणाची. स्प्रिंगचा जोर दर वेळी तोच असतो, घर्षणाचा तसा नसतो. धार खडबडीत असेल, तिच्यावर यंत्राच्या कापाच्या रेघा राहिल्या असतील किंवा मधे चिकट तेल असेल, तर चाप अडत-सरकत जातो. या सरकण्याला अमेरिकी शिकारी क्रीप म्हणतात, म्हणजे रांगणं. आणि सिअर सुटल्यानंतरही चाप मागे जात राहिला तर तो ओव्हरट्रॅव्हल. चांगल्या चापाचं वर्णन ते काचेची कांडी तुटल्यासारखा असं करतात. कांडी वाकत नाही, सरकत नाही. एका क्षणी असते आणि पुढच्या क्षणी तुटलेली असते.

याचा नेमाशी संबंध किती? साध्या हिशेबात बसतो. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर अंतर. चाप ओढण्याच्या खटाटोपात नळीचं टोक एक मिलिमीटर हललं, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते आणि २०० मीटरवर २०. हरणाच्या छातीतली जिथे गोळी लागली की ते फार लांब जात नाही ती जागा २०-२५ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे मधे नेम धरला तर सगळ्या बाजूंना दहा-बारा सेंटिमीटर. जागा चुकली की हरिण जखमी होऊन झाडीत जातं आणि शिकारी रात्रभर रक्ताचे थेंब शोधत फिरतो. सात पौंडांची रायफल आणि तिचा चापही सात पौंडांचा असला, की बोट बंदुकीच्या वजनाइतक्याच जोरानं तिला ओढत असतं. ती स्थिर राहील कशी?

कारखाना असा चाप का देतो?

कारागिरांना चांगला चाप जमत नाही, असं मुळीच नाही. १९३६ साली बाजारात आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० चा चाप अगदी मोजक्या भागांचा होता. रचना उघडी, त्यामुळे आत गेलेला कचरा बाहेर पडायला वाट होती. जुने शिकारी त्याचं कौतुक अजून करतात. पण कारखान्यातून निघालेली रायफल कोणाच्या हातात जाईल हे कारखान्याला माहीत नसतं. नवशिका ती झाडावरच्या मचाणावरून पाडेल, दुसरा कोणी गाडीत आदळेल, तिसरा दहा वर्षं साफ करणार नाही. उत्पादकांच्या सामी या संस्थेच्या चाचण्यांत बंदूक चार फुटांवरून काँक्रीटवर पसरलेल्या रबरी चटईवर पाडतात. तरीही खटका सुटता कामा नये. यातून सुरक्षित पार पडायचा स्वस्त मार्ग म्हणजे धारेची पकड जास्त ठेवायची आणि वर जड स्प्रिंग बसवायची. प्रत्येक धार हातानं घासून चकचकीत करायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे पडतात. गोळी नको तेव्हा सुटली तर होणारा खटला त्याहून महाग.

ही भीती पोकळ नाही. रेमिंग्टन मॉडेल ७०० ही १९६२ पासूनची अमेरिकेतली अतिशय खपाची रायफल. तिच्या जुन्या चापात चाप आणि सिअर यांच्यामधे एक सुटी पोलादी पट्टी होती. तिच्यामुळे चाप फार सुरेख सुटायचा. पण मधे कचरा किंवा घट्ट झालेलं तेल आलं तर ती पट्टी पूर्ण जागेवर परतत नाही आणि बंदूक चाप न ओढताच उडू शकते, असा टीकाकारांचा आक्षेप होता. कंपनीनं तो कायम नाकारला. तरी अनेक दशकं खटले चालले, आणि २०१४ मध्ये कंपनीनं सुमारे ७५ लाख बंदुकांसंबंधी सामूहिक दाव्यात तडजोड मान्य केली. त्याच वर्षी तिच्या नव्या रचनेचे चापही परत बोलवावे लागले, कारण जुळणीत वापरलेला चिकटद्रव काहींमध्ये जास्त झाला होता. चिकटद्रवाचा एखादा थेंब जास्त पडला तरी काय होतं, ते या उदाहरणात दिसतं. ज्याला स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा आहे त्यानं ते आधी वाचावं.

सॅव्हेज कंपनीनं २००२ मध्ये या कोंडीतून वेगळी वाट काढली. चापाच्या पोटात एक पातळ पाती बसवली. बोट आधी त्या पातीवर पडतं. पाती दाबलेली नसताना धक्क्यानं सिअर निसटलाच, तर पाती त्याला अडवते आणि पिन पुढे जात नाही. त्यामुळे पकड कमी आणि स्प्रिंग हलकी ठेवूनही चाप सुरक्षित राहिला, आणि ग्राहकालाच वजन कमी-जास्त करायची मुभा मिळाली. नंतर इतर कंपन्यांनीही पातीचे चाप आणले. स्वस्त रायफलींचे चाप गेल्या वीस वर्षांत सुधारले, त्यात या स्पर्धेचा वाटा मोठा आहे.

मोजल्याशिवाय हात लावू नये

शेजाऱ्याचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला होता. मी त्याला थांबवलं आणि ताणकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. इथे चाप मोजायचे खास काटे मिळतात, स्प्रिंगचेही आणि डिजिटलही. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत गेला. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवली.

काट्याचा आकडा चापाच्या वळणाच्या मध्यावर, जिथे बोट पडतं तिथेच लावायचा. खाली टोकाकडे लावला तर तरफेचा फायदा मिळून आकडा खोटा, हलका येतो. ओढ नळीला समांतर, सरळ मागे आणि सावकाश. दहा वेळा मोजायचं, दहाही आकडे लिहायचे, आवडला नाही म्हणून एकही खोडायचा नाही. आमचे आकडे ५.९ पौंडांपासून ७.४ पौंडांपर्यंत पसरले. सरासरी सगळेच काढतात. मी त्याला पसारा दाखवला, दीड पौंडांचा. दर वेळी वेगळ्या जोरावर सुटणाऱ्या चापाची बोटाला सवय लागत नाही. पाच पौंडांचा चाप रोज पाच पौंडांनाच सुटत असेल, तर त्याच्याशी जुळवून घेता येतं.

मग पुस्तिका. नव्या रायफलीबरोबर आलेली पुस्तिका लोक खोक्यातच ठेवतात, आणि चाप ग्राहकानं बदलायचा आहे की नाही, कोणत्या स्क्रूनं आणि कुठवर, हे नेमकं तिच्यातच असतं. या रायफलीत वजनाचा एकच स्क्रू ग्राहकासाठी मोकळा होता, तीन पौंडांपर्यंत. बाकीच्यांवर कारखान्याचं लाखेसारखं सील होतं. सील म्हणजे तिथे हात लावायचा नाही. लावला तर हमीही गेली आणि जबाबदारीही आपली.

उपाय, सोप्यापासून अवघडाकडे

पहिला उपाय म्हणजे पाहणं. चाप दस्त्याच्या खाचेला किंवा खालच्या कडीला घासतो का? कागदाची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी फिरवून बघायची. लाकडी दस्ता ओलाव्यानं फुगतो, प्लॅस्टिकचा वेडावाकडा बसतो, आणि दोष चापाच्या माथी जातो. आमची पट्टी मोकळी फिरली.

दुसरा उपाय धुणं. दस्ता दोन स्क्रूंनी सुटला. चापाच्या घराच्या फटीतून पिवळसर, मधासारखा चिकट थर दिसत होता. कारखाना गंज लागू नये म्हणून जे तेल मारतो, ते इथे साचून बसलं होतं. गॅरेजचं दार उघडं टाकलं, हीटर बंद केला आणि पुस्तिकेत चालेल म्हटलेलं द्रावण फटीतून सोडलं. खाली ठेवलेल्या पांढऱ्या फडक्यावर पिवळा डाग पडला आणि त्यात धातूचे दोन-तीन बारीक कण चमकले. हवेच्या पिचकारीनं सगळं वाळवलं. आत पुन्हा तेल घातलं नाही. बंदुकीला तेल पाजायची हौस चापाच्या बाबतीत आवरावी. थंडीत तेल घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं.

तिसरा उपाय सवय. आजच्या बहुतेक मोठ्या रायफली रिकाम्या ओढल्यानं बिघडत नाहीत. पॉइंट टू-टूसारख्या छोट्या रायफलींचं मात्र तसं नाही, त्यांची पिन घराच्या कडेवर आपटते. पुस्तिकेत परवानगी होती. शेजाऱ्यानं आठवडाभर रोज रात्री तीस-चाळीस वेळा, नकली काडतूस घालून, भिंतीवरच्या टिकलीवर नेम धरून चाप ओढला. धारांवरची बारीक कुसळं अशी आपोआप झिजतात, आणि बोटही घडतं. आठवड्यानं पुन्हा दहा मोजमापं घेतली. ५.६ ते ६.१. स्क्रूला अजून हातही लागला नव्हता आणि पसारा दीड पौंडांवरून अर्ध्या पौंडावर आला होता.

मग स्क्रू. पाव फेरा, दहा मोजमापं. पुन्हा पाव फेरा, पुन्हा दहा. साडेतीनला थांबलो. तीनपर्यंत परवानगी होती, पण कड्याच्या टोकावर उभं राहण्यात शहाणपण नाही. ही स्प्रिंग बोटाला विरोध करते, पण चापाला सिअरखाली परत आणून उभंही तीच करते. ती फार सैल केली तर बोल्ट मिटताना चाप जागेवर पोचत नाही, आणि पिंजऱ्याची झडप ठेवतानाच पडते.

घासण्याचा मोह

या टप्प्यावर त्यानं मला खरा प्रश्न विचारला. "तू तर पोलाद घासण्यातलाच. ती धारच आरशासारखी का करून देत नाहीस?"

मी नाही म्हणालो. हे भाग बरेचदा वरवरच कडक केलेले असतात. बाहेर अगदी पातळ कडक कवच आणि आत मऊ, चिवट पोलाद. दगडानं दोन-चार हात जास्त फिरले की कवच जातं. त्या दिवशी चाप लोण्यासारखा लागतो. दोनशे गोळ्यांनंतर मऊ धार गोल होते आणि सिअर आपणहून निसटू लागतो. शिवाय तो कोन अंशाच्या भागातही चुकला, तर सिअर चापाला धरून न ठेवता बाहेर ढकलू लागतो. साचा बिघडला तर मी दुसरा करतो. इथे बिघाड कळेल तेव्हा समोर कोणीतरी उभं असेल. हे काम जिग, भिंग आणि अनुभव असलेल्या गनस्मिथचं.

आणि बरेच गनस्मिथही आता घासत बसत नाहीत, आख्खा चाप बदलतात. १९४६ पासून टिम्नी ही कंपनी हेच करते आहे. कॅनडातल्या ट्रिगरटेकनं धारेच्या आणि सिअरच्या मधे एक बारीक रूळ घातला, म्हणजे घासण्याच्या जागी गडगडणं आलं. दीडशे-अडीचशे डॉलरांत जुळवून, तपासून आलेला चाप मिळतो आणि बऱ्याच रायफलींत तो दोन खिळींवर बसतो. पण चारशे डॉलरांच्या रायफलीला दोनशेचा चाप लावण्याआधी पन्नास सेंटांच्या द्रावणानं ती धुऊन बघावी, एवढंच माझं म्हणणं. आणि नवा चाप बसवला तरी सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, त्याच्याशी नीट जुळते का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावंच.

शेवटची परीक्षा

काहीही बदललं, पाव फेराही, तरी ही तपासणी चुकवायची नाही. बंदूक रिकामी, नळी सुरक्षित दिशेला. सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, बोट काढा, मग सेफ्टी सोडा. पिन सुटली तर नापास. बोल्ट दहा वेळा धाडकन मिटा. एकदाही खटका सुटला तर नापास. तयार स्थितीत दस्त्याची टाच वीतभर उंचीवरून जाड रबरावर आपटा, बाजूंनाही रबरी हातोडीनं ठोका. नापास झाली तर स्क्रू मागे घ्या. तरी तसंच असेल तर गनस्मिथ गाठा. दहातून नऊ वेळा पास म्हणजे नापासच.

चाप किती हलका असावा, याला एकच उत्तर नाही. शिकारीसाठी अडीच ते चार पौंड ठीक. विस्कॉन्सिनच्या थंडीत बोटं बधिर असतात, हातमोजे असतात. त्याहून हलका चाप बोटाला कळायच्या आत सुटतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार बंद आहे, तरी चापाशी ओळख असणारी माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचं, म्हणजे पालथं झोपून करायच्या नेमबाजीचं, विश्वविजेतेपद मिळवलं. त्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. ऑलिंपिक रायफलीच्या चापाला किमान वजनाची अट नाही, आणि ते चाप ग्रॅमांत मोजण्याइतके हलके केलेले असतात. पण तिथे काडतूस घरात जातं ते लक्ष्यासमोर, पंचाच्या आज्ञेनंतर. शिकारी मात्र भरलेली रायफल घेऊन बर्फातून, ओंडके ओलांडत चालतो. तोच चाप तिथे साधन आणि इथे अपघात.

हंगामाच्या आदल्या रात्री शेजाऱ्यानं रिकामी रायफल गॅरेजच्या थंड बाजूला कुलपात ठेवली. सकाळी पाचला बाहेर उणे आठ होतं. घरात मोजलेला चाप थंडीत तसाच राहतो का, हे थंडीतच कळतं. त्यानं हातमोजे घातलेल्या हातानं काटा लावला आणि मी बॅटरी धरली. दहा आकडे त्याच वहीच्या त्याच पानावर, पहिल्या रांगेच्या खाली उतरले. ३.६ ते ३.९. त्यानं दोन्ही रांगांवरून एकदा नजर फिरवली, वही मिटली, आणि मग काडतुसांचा डबा आणायला घरात गेला.